पेटंटातला शब्द वाचण्याआधी नमुना कसा घेतला ते विचारा

वकिलांच्या कचेरीतून फोन आला की पहिली मागणी ठरलेली असते. “मॅडम, क्लेममधल्या या शब्दाचा अर्थ तेवढा दोन ओळींत लिहून द्या.” क्लेम म्हणजे पेटंटातल्या हक्काची हद्द आखणारं वाक्य. पॉलिस्टर फिलामेंटच्या, म्हणजे सलग लांब तंतूंच्या, कारखान्यात बावीस वर्षं मी प्रयोगशाळा सांभाळली, आणि आता सुताच्या पेटंटांचे वाद वाचून देते. दोन ओळी मी कुणालाच देत नाही. पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे पेटंटातलं शोधाचं सविस्तर वर्णन, पाठवा, पेटंट कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार पाठवा आणि ज्या सुतावरून भांडण आहे त्याचा कोन, म्हणजे सुताची शंकूसारखी गुंडाळी, पाठवा, एवढं सांगते. इचलकरंजीत, भिवंडीत, सिल्वासात काम करणाऱ्या टेक्स्टाइल इंजिनिअरांना आता असे फोन येऊ लागले आहेत. त्यांच्यापैकी कुणी पहिल्यांदाच हे काम हाती घेणार असेल, तर मी ते कसं करते ते इथे सविस्तर लिहिते.

सुरुवात अमेरिकेतल्या एका निकालापासून करते. आमच्या कामातला सगळा धोका त्या एका प्रकरणात दिसतो.

हनीवेल कंपनीकडे पीईटी, म्हणजे पॉलिस्टर सूत बनवण्याच्या प्रक्रियेचं पेटंट होतं. टायरच्या रबराला आतून धरून ठेवणारी जी टायर कॉर्ड असते, तिच्यासाठीचं हे सूत. कोरियाच्या ह्योसंग कंपनीविरुद्ध हनीवेलने अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली. तिथून प्रकरण अपिलात फेडरल सर्किट न्यायालयात गेलं आणि २००३ साली निकाल लागला. क्लेममध्ये अट अशी होती की सूत कातून झाल्यावर, पण गरम ताण देण्याआधी, त्याची स्फटिकता, म्हणजे रेणू शिस्तीत बसलेला भाग, ३ ते १५ टक्के असावी आणि ‘मेल्टिंग पॉइंट एलेव्हेशन’ २ ते १० अंश सेल्सिअस असावं.

हे एलेव्हेशन मोजतात असं. सुताचा अगदी छोटा नमुना डीएससी या, तापवताना उष्णता मोजणाऱ्या यंत्राच्या बारीक भांड्यात ठेवून तापवायचा आणि तो कुठल्या तापमानाला वितळतो ते पाहायचं. मग वितळलेला नमुना झटकन थंड करून पुन्हा तापवायचा. दुसऱ्या वेळी तो थोड्या कमी तापमानाला वितळतो, कारण कातताना रेणूंच्या साखळ्यांना जी एका दिशेची शिस्त लागली होती ती पहिल्या वितळण्यात पुसली गेलेली असते. दोन्ही तापमानांतला फरक म्हणजे एलेव्हेशन. यंत्र कोणतं, ते पेटंटमध्ये लिहिलं होतं. सूत त्या भांड्यात ठेवायचं कसं, ते लिहिलं नव्हतं.

ज्याने प्रयोगशाळेत कधी काम केलं नाही त्याला हा तपशील किरकोळ वाटेल. प्रत्यक्षात सगळं प्रकरण त्याच्यावरच फिरलं. सूत ठेवण्याच्या चार पद्धती पुढे आल्या: वेटोळं करून ठेवायचं, बारीक तुकडे करून ठेवायचं, आकसू नये म्हणून बांधून ठेवायचं, किंवा गोळा करून ठेवायचं. पॉलिस्टर तापलं की आकसतं. त्याला मोकळं सोडलं तर आकसताना त्याची शिस्त मोडते आणि ते लवकर वितळतं. आकसू दिलं नाही तर शिस्त शेवटपर्यंत टिकते आणि ते उशिरा वितळतं. त्यामुळे एकाच बॉबिनवरच्या सुताला चार पद्धतींनी चार वेगळे आकडे येत होते, आणि फरकही एवढा की एका पद्धतीने २ ते १० च्या आत बसणारं सूत दुसऱ्या पद्धतीने बाहेर पडत होतं.

न्यायालयासमोर क्लेमची तीन वाचनं होती. चारांपैकी कोणत्याही एका पद्धतीने आकडा बसला की पुरे, हे एक. चारही पद्धतींनी बसला पाहिजे, हे दुसरं. फक्त गोळ्याची पद्धत धरायची, हे तिसरं आणि हनीवेलच्या बाजूचं. पण गोळ्याची पद्धत ना पेटंटमध्ये लिहिलेली होती ना त्या क्षेत्रातल्या प्रकाशित साहित्यात. न्यायालयाने म्हटलं की पद्धत ठरल्याशिवाय कुठल्याच उत्पादकाला आपण हद्दीच्या आत आहोत की बाहेर ते कळणार नाही, म्हणून हे क्लेम अनिश्चित आहेत. हनीवेल हरली.

मी हा निकाल पहिल्यांदा वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. चारही खरे होते. नमुना कसा ठेवावा हे एखाद्या वाक्यात लिहिलं असतं तर निदान या मुद्द्यावर पेटंट पडलं नसतं. आमच्या प्रयोगशाळेतली मुलं ते वाक्य रोज रजिस्टरमध्ये लिहीत होती.

आता कामाकडे येते.

क्लेम हातात आला की त्यातला एकेक शब्द वहीत वेगळा उतरवा. मी शब्दांची तीन पानं करते. एका पानावर रचनेचे शब्द: कोअर (आतला गाभा), शीथ (बाहेरचं आवरण), रॅप केलेलं (वरून गुंडाळलेलं), एंटँगल केलेलं (गुंतवलेलं). दुसऱ्यावर मापाचे: डेनिअर (जाडी), टेनॅसिटी (ताकद), उकळत्या पाण्यातलं आकसणं, हेअरिनेस (बाहेर आलेले केस). तिसऱ्यावर ‘सुमारे’, ‘बहुतांशी’ असे ढिले शब्द. प्रत्येक मापाच्या शब्दासमोर पाच प्रश्न लिहायचे. यंत्र कोणतं? मानक कोणतं आणि कुठल्या सालची आवृत्ती? हवामान कोणतं? नमुना कसा तयार केला? किती वाचनांची कसली सरासरी? ज्या प्रश्नाचं उत्तर पेटंटमध्ये नाही तिथे लाल पेनने गोल करा. ते लाल गोल वकिलांना पहिल्याच भेटीत दाखवा. तुम्ही पेटंटधारकाच्या बाजूचे असलात तरी दाखवा, त्यातही आधी दाखवा.

अर्थ शोधायचा क्रम ठरलेला आहे आणि तो मोडू नये. आधी क्लेमची वाक्यं, मग स्पेसिफिकेशन, मग पेटंट कार्यालयाला अर्जदाराने दिलेली उत्तरं, आणि शेवटी पुस्तकं, शब्दकोश, तज्ज्ञ. अमेरिकेत हा क्रम २००५ सालच्या फिलिप्स विरुद्ध एडब्ल्यूएच या निकालाने पक्का केला. आपल्याकडेही क्लेम स्पेसिफिकेशनच्या प्रकाशातच वाचायचा असतो. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम १० सांगतं की क्लेम स्पष्ट आणि आटोपशीर हवा आणि जे उघड केलं आहे त्याला धरून हवा. हद्द पुरेशी स्पष्ट नसेल तर कलम ६४ खाली पेटंट रद्द करून मागता येतं. उल्लंघनाच्या दाव्यात प्रतिवादी हमखास हाच मार्ग धरतो.

या क्रमाची किंमत मी मोजली आहे. सुरुवातीच्या एका प्रकरणात शब्द होता ‘एंटँगल्ड’. आमच्या धंद्यात हवेच्या झोताने फिलामेंट एकमेकांत गुंतवतात, म्हणजे इंटरमिंगल करतात. गाठी किती त्यावरून निम, सिम, हिम अशी नावं पडली आहेत, आणि भरपूर गाठींच्या सुताला बाजार ‘रोटो’ म्हणतो. मी बाजारातल्याच समजुतीने मीटरला किती गाठी ते लिहून दिलं. स्पेसिफिकेशनच्या मधल्या एका परिच्छेदात मात्र स्वतंत्र व्याख्या होती: सुताला ठराविक ताण दिल्यावरही ज्या गाठी टिकतात तेवढ्याच मोजायच्या. ताण दिल्यावर ढिल्या गाठी सुटतात, त्यामुळे माझा आकडा निरुपयोगी ठरला. समोरच्या वकिलांनी तो परिच्छेद माझ्याच हातात देऊन मला मोठ्याने वाचायला लावला. पेटंट लिहिणाऱ्याला शब्दाला स्वतःचा अर्थ देण्याची मुभा असते, आणि एकदा त्याने तो दिला की बाजार काय म्हणतो याला किंमत उरत नाही. तेव्हापासून ‘म्हणजे’, ‘या अर्थाने’, ‘इथे अभिप्रेत आहे’ अशी वाक्यं मी सगळ्यात आधी शोधते.

पत्रव्यवहार वाचायचा कंटाळा करू नका. भारतीय अर्जांचे परीक्षण अहवाल आणि त्यांवरची उत्तरं पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. जुन्या शोधापासून वेगळेपण दाखवताना अर्जदाराने कधीतरी लिहून ठेवलेलं असतं की ‘आमचं सूत टेक्श्चर (कुरळं) केलेलं नाही’ किंवा ‘आमच्या कोअरला पीळ नाही’. मग दाव्याच्या वेळी तोच अर्जदार पीळ दिलेल्या कोअरवर हक्क सांगायला येतो. हे एक वाक्य सापडलं तर अख्खा खटला फिरतो.

तारीख विसरू नका. शब्दाचा अर्थ आजचा धरायचा नाही. अग्रक्रमाच्या तारखेला, म्हणजे शोधाचा पहिला अर्ज झाला त्या दिवशी, त्या क्षेत्रातला जाणकार माणूस जो अर्थ घेईल तो धरायचा. म्हणूनच मानकाची आवृत्ती विचारायची.

आता मापाच्या शब्दांबद्दल. खरी लढाई इथेच असते.

डेनिअर म्हणजे ९००० मीटर सुताचं ग्रॅममधलं वजन, टेक्स म्हणजे १००० मीटरचं. एवढं सगळ्यांना येतं. पण ‘फिलामेंट डेनिअर १ पेक्षा कमी’ असा क्लेम समोर आला की विचारायचं, कोणता डेनिअर? पेटीवर छापलेला की मोजलेला? ७५/७२, म्हणजे ७२ फिलामेंटचं ७५ डेनिअर सूत, असं छापलेलं असेल तर भागाकार १.०४ येतो आणि माल क्लेमबाहेर दिसतो. पण छापील आकडा नाममात्र असतो. मोजायला घेतलं की तेलाचा प्रश्न उभा राहतो. टेक्श्चर केलेल्या सुतावर दोन-तीन टक्के तेल असतं. तेलासकट १.०२ भरणारा फिलामेंट तीन टक्के तेल धुऊन काढल्यावर ०.९९ होतो. एकाच कोनवरचं सूत धुण्याआधी हद्दीबाहेर, धुतल्यावर हद्दीत! त्यात टेक्श्चर केलेलं सूत कुरळं असतं. लांबी मोजताना कुरळेपणा ताणून सरळ केला की नाही, कुठल्या ताणाने केला, त्यावरही वजन बदलतं. १२६ डेनिअरचं पीओवाय, म्हणजे अर्धवट ताणलेलं सूत, टेक्श्चरिंगमध्ये १.६८ पट ओढलं की ७५ होतं, हे गणित कागदावर सरळ आहे. मशीनवर प्रत्येक पोझिशनचं सूत थोडं वेगळं असतं.

सुती सुतात आणखी एक खाच आहे. आपला काउंट उलटा चालतो: एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लच्छ्या बसतात तो आकडा. म्हणून ‘काउंट ४० पेक्षा जास्त’ म्हणजे सूत बारीक आणि ‘टेक्स ४० पेक्षा जास्त’ म्हणजे जाड. ५९०.५ ला काउंटने भागलं की टेक्स मिळतो. परदेशी पेटंटाच्या भाषांतरात ही उलटापालट झालेली मी पाहिली आहे, तेव्हा एकक जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नका. कापूस ओलावा धरतो, त्याचा मान्य रिगेन, म्हणजे कोरड्या वजनाच्या तुलनेत ओलावा, ८.५ टक्के आहे. पॉलिस्टरचा ०.४. पॉलिस्टरला दमट हवेने फारसा फरक पडत नाही, कापसाला आणि व्हिस्कोजला पडतो. आंतरराष्ट्रीय चाचणी २० अंशांवर करतात, आपल्यासारख्या उष्ण देशांत २७ अंश चालतात, आर्द्रता दोन्हीकडे ६५ टक्के. अहवालावर यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर तो अहवाल परत पाठवा.

हेअरिनेस हा शब्द मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटतो, कारण तो ऐकायला सोपा आहे. उस्टर यंत्राचा एच हा आकडा एका सेंटिमीटर सुताबाहेर आलेल्या सगळ्या केसांची एकूण लांबी सांगतो. झ्वाइगले यंत्राचा एस-३ हा ३ मिलिमीटर आणि त्याहून लांब केसांची संख्या सांगतो. पहिल्या मापाने सुधारलेलं सूत दुसऱ्या मापाने बिघडलेलं निघू शकतं. क्लेममध्ये नुसतं ‘हेअरिनेस कमी’ असेल तर लाल गोल करून थांबा. सुताच्या जाडीतल्या असमानतेचंही तसंच. यू टक्के आणि सीव्ही टक्के ही एकाच गोष्टीची दोन मापं आहेत, आणि साधारण वितरणात सीव्ही हा यूच्या सव्वापट येतो. एका बाजूने यू आणि दुसऱ्या बाजूने सीव्ही मांडून केलेली तुलना मी स्वतः कागदपत्रांत पाहिली आहे.

सरासरीबद्दल एक औषधाचं प्रकरण लक्षात ठेवा. तेवा विरुद्ध सँडोझ, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निकाल. क्लेममध्ये ‘मॉलिक्युलर वेट’ होतं, आणि रसायनशास्त्रात त्याच्या सरासऱ्या तीन तऱ्हांनी काढतात. कोणती ते लिहिलं नव्हतं. प्रकरण परत खाली गेल्यावर फेडरल सर्किटने तो क्लेमही अनिश्चित ठरवला. पॉलिमर आपल्याही सुतात आहे, तेव्हा इन्ट्रिन्सिक व्हिस्कॉसिटीचा (पॉलिमरच्या द्रावणाच्या दाटपणावरून काढलेल्या मापाचा) आकडा दिसला की द्रावक कोणता आणि तापमान किती, हे विचारा. द्रावक बदलला की आकडा बदलतो.

ढिल्या शब्दांवर मी फार वेळ घालवत नाही. इंग्लंडच्या कॅटनिक प्रकरणात पोलादी लिंटेलची (दारा-खिडकीवरच्या आडव्या तुळईची) मागची बाजू ‘उभी’ हवी होती, आणि प्रतिवादीने ती काही अंश तिरपी केली होती. हाउस ऑफ लॉर्ड्सने म्हटलं की बांधकामातल्या माणसाच्या दृष्टीने ते काम तसंच होत असेल तर ती उभीच. तुमचं काम एवढंच, की थोडा फरक पडल्याने सुताचं काम बदलतं का, ते अनुभवाने सांगायचं. त्यापुढचं न्यायाधीश पाहतील. नुसत्या शब्दकोशावरून मात्र सुतावरून स्वर्ग गाठू नका.

नमुन्याकडे पुन्हा येते, कारण आपल्याकडच्या दाव्यांत सगळ्यात जास्त घोळ मी इथे पाहिला. पेटंटधारक बाजारातून प्रतिवादीचं कापड विकत आणतो, त्यातून धागा उसवतो आणि प्रयोगशाळेत पाठवतो. तो धागा आता क्लेममधलं सूत राहिलेला नसतो. विणताना त्याला ताण बसला, गाठी सुटल्या. रंगवताना तो उकळला, मग स्टेंटरवर, म्हणजे कापड ताणून तापवणाऱ्या यंत्रावर, तापला. आकसायचा तेवढा आकसून झाला. उसवल्यावर त्यात विणीची नागमोड राहिली. अशा धाग्याचं आकसणं कमी आलं तर त्यावरून मूळ सुताबद्दल काहीच ठरत नाही. कापडातून जे खात्रीने सांगता येतं ते सांगा: फिलामेंटची संख्या, छेदाचा आकार, पिळाची दिशा एस की झेड, पॉलिमर कोणतं. बाकीच्यासाठी कोन मिळवा. कोन मिळत नसेल तर तसं लिहून द्या.

हनीवेलच्या क्लेममधली अट ही अर्धवट तयार सुताची होती, बाजारात येणाऱ्या मालाची नव्हती. असं सूत कारखान्याच्या आतच जन्मतं आणि आतच संपतं. आपल्या कायद्यात प्रक्रियेच्या पेटंटसाठी कलम १०४ अ आहे. काही अटी पूर्ण झाल्या तर आपली प्रक्रिया वेगळी आहे हे सिद्ध करण्याचं ओझं न्यायालय प्रतिवादीवर टाकू शकतं. पण वस्तू नवी नसेल, तर वाजवी प्रयत्न करूनही प्रतिवादीची खरी प्रक्रिया कळली नाही, हे पेटंटधारकाला आधी दाखवावं लागतं. ते प्रयत्न कोणते आणि कुठे अडले, हे लिहिण्याचं काम तुमच्याकडे येईल.

चाचणी स्वतंत्र ठिकाणी करा. घाटकोपरची बिट्रा, अहमदाबादची अटिरा, कोइम्बतूरची सिट्रा या वस्त्रसंशोधन संस्था आहेत. पेटंट गप्प असेल तिथे जाणकार माणूस ज्या ज्या पद्धती वापरेल त्या सगळ्यांनी चाचणी करा आणि सगळे आकडे अहवालात ठेवा. जो आकडा आपल्या बाजूला अडचणीचा आहे तोही ठेवा. वकील कधी कधी तो गाळायला सांगतात. गाळू नका. उलटतपासणीत तो बाहेर आला तर तुमच्या उरलेल्या शब्दांवर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि कुणाच्या तरी कारखान्याचा पोटापाण्याचा प्रश्न त्या शब्दांवर उभा असतो.

प्रतिज्ञापत्रात कायद्याचा निष्कर्ष लिहायचा नाही. ‘उल्लंघन झालं आहे’ हे वाक्य तुमचं नाही. ‘अग्रक्रमाच्या तारखेला या क्षेत्रातला जाणकार या शब्दाचा अर्थ असा घेईल, कारण स्पेसिफिकेशनच्या अमुक परिच्छेदात असं म्हटलं आहे, आणि या पद्धतीने मोजल्यावर या नमुन्याचा आकडा असा येतो’ हे तुमचं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०२२ च्या पेटंट दाव्यांच्या नियमांत क्लेमचा अर्थ लावणारं वेगळं टिपण द्यावं लागतं. ते वकील लिहितात, पण त्यातला कच्चा माल तुमच्या वहीतून जातो. तेव्हा लाल गोलांची ती वही फाडू नका.

आणि कोन. चाचणीला जेवढं सूत लागेल तेवढंच काढा. बाहेरचे थर हाताळलेले असतात, ते आधी उतरवून टाका, आणि किती मीटर उतरवले ते लिहा. उरलेला कोन पिशवीत सीलबंद करा. लेबलवर लॉट नंबर, मर्ज नंबर (एकसारखा रंग घेणाऱ्या मालाचा क्रमांक), कोन कुणाकडून कधी मिळाला, कुठल्या खोलीत किती तास ठेवला, आणि तुमची सही. दोन वर्षांनी साक्षीच्या वेळी समोरचे वकील विचारतील, “हे सूत कोनच्या कुठल्या भागातलं होतं?” तेव्हा पिशवी उघडून दाखवता आली पाहिजे.